खालची ओळ

"मागे घे," शामला म्हणाली.

विल्माने मागे घेतलं. रिकाम्या थिएटरात त्या दोघीच होत्या. मध्ये खुर्च्या सोडून बसलेल्या, तोंडाला मास्क, अंगात कोट, कारण प्रेक्षक नसताना हीटिंग लावायला समितीची परवानगी नव्हती. पडद्यावर पुन्हा ती काळी-पांढरी विटांची भिंत आली, कारखान्याचं फाटक आलं, फाटकाबाहेर फलक धरून उभ्या असलेल्या बायका आल्या. मग कॅमेरा एका चेहऱ्याजवळ गेला. पंचविशीची बाई, साडीवर पुरुषी स्वेटर, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. शेजारच्या कोणाकडे तरी बघत होती.

"वासंती, येते गं मी," ती म्हणाली. "रागावू नकोस."

खाली इंग्रजीत ओळ उमटली : मी येतेय, वासंती. रागावू नकोस.

आणि लगेच पुढच्या दृश्यात फाटकासमोरच्या बायका हातात हात गुंफून गाऊ लागल्या.

"हीच ना?" विल्माने विचारलं. मास्कच्या वर तिचे डोळे भरून आले होते. "शामला, हीच ना तुझी बहीण?"

"हीच." शामला म्हणाली. "पुन्हा लाव."

पुन्हा लागलं. या वेळी शामलाने खालची ओळ वाचलीच नाही, तिला तिची गरज नव्हती. ती नुसती ताईकडे बघत राहिली. आणि मग तिला ताईचे हात दिसले. बोलता बोलता ताई पाठीमागे हात नेऊन कसलीतरी गाठ मारत होती. कारखान्याच्या ॲप्रनची. फाटकाबाहेरच्या एकाही बाईच्या अंगावर ॲप्रन नव्हता. गाठ मारून झाली, ताई वळली आणि फाटकाच्या दिशेने चालायला लागली. तिथेच दृश्य तुटलं होतं.

ताई संपात यायला निघाली नव्हती. संप सोडून कामावर चालली होती. आणि जाताना मैत्रिणीला सांगत होती, येते. मराठी बाई उंबरा ओलांडताना जाते म्हणत नाही, येतेच म्हणते. कोणीतरी शब्दाला शब्द लावून त्याचं इंग्रजी करून टाकलं होतं आणि त्या एका ओळीवर तो काढणाऱ्या इंग्रज पोरांनी सिनेमा जोडला होता.

"या सिनेमाचा जीव आहे हा क्षण," विल्मा म्हणत होती. "ती घाबरलेली आहे, तिला उशीर झालाय, पण ती येते. मी डचमध्ये इक कोम, म्हणजे मी येतेय, असं लिहिलंय. बरोबर आहे ना?"

"उद्या सांगते," शामला म्हणाली.

शैलाताई सिनेमात आहे ही बातमी सांगलीच्या घरी आली तेव्हा शामला कॉलेजात होती. लग्न होऊन इंग्लंडला गेलेली आपली मुलगी तिकडे मोज्यांच्या कारखान्यात कामाला लागली हे वडिलांनी चार लोकांत कधी उच्चारलं नव्हतं, पण सिनेमाचं त्यांनी गल्लीभर केलं. शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, हिरो कोण आहे? मग हळूहळू कळलं की हा तसला सिनेमा नाही. यात गाणी नाहीत, हिरो नाही. तीन इंग्रज पोरांनी उसना कॅमेरा आणून कारखान्यातल्या बायकांच्या संपावर काढलेला माहितीपट आहे आणि तो एका चर्चच्या हॉलमध्ये दाखवून संपलादेखील. गल्लीचा उत्साह ओसरला. वडिलांचा मात्र नाही. जावयाने कळवलं होतं की शैला पडद्यावर आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते शेवटपर्यंत आल्यागेल्याला त्या टाळ्या ऐकवत राहिले.

शामला लग्न होऊन हॉलंडमधल्या आर्नहेमला आली, मुलं झाली, मोठी झाली, आपापल्या वाटेने गेली. हात रिकामे झाले तेव्हा ती गावातल्या फिल्महाउसमध्ये जायला लागली. विनापगारी काम, तिकिटं फाडायची आणि कॉफी करायची. तिथला कार्यक्रम ठरवणारी विल्मा एका गोष्टीपायी वेडी होती. कोणी न पाहिलेले ब्रिटिश माहितीपट, छोटे छोटे स्वतंत्र सिनेमे, ज्यांची नावं खुद्द इंग्लंडात कोणाला माहीत नसतात. दर हिवाळ्यात ती त्यांची मालिका लावायची. प्रेक्षक इतके थोडे यायचे की कॉफी उरायची. पण शामला एकही सिनेमा चुकवत नसे. मासे साफ करणाऱ्या बायका, बंद पडलेली खाण, बस धुणारे कामगार, सगळं ती मागच्या रांगेत बसून बघायची आणि कुठल्याही इंग्रजी गल्लीत साडीचा काठ दिसला की पुढे सरकून बसायची. विल्माने एकदा विचारलं, तू कोणाला शोधतेस? तेव्हा शामलाने ताईचं सांगितलं.

विल्माने ते मनावर घेतलं. पत्ता लागायला वर्षं गेली, पण २०१९च्या पानगळीत लागला. एका छोट्या संग्रहात ती रिळं पडून होती. शामलाने आनंदाने ताईला फोन केला. एप्रिलमध्ये आपण इथे दाखवतोय, तू ये, पहिल्या रांगेत बस.

ताई म्हणाली, "कशाला गं उकरून काढताय? म्हातारी झाले मी आता."

"लाजतेस काय? या वयात?"

"बघू," ताई म्हणाली. शामलाला वाटलं, खरंच लाजतेय.

मग मार्च आला. फिल्महाउस बंद, सीमा बंद, विमानं बंद. एप्रिलमध्ये, ज्या आठवड्यात ती पहिल्या रांगेत बसायची होती, त्याच आठवड्यात शैलाताई हॉस्पिटलमध्ये गेली आणि तिथेच संपली. शामलाने अंत्यसंस्कार जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पाहिले. तिने साडी नेसली होती, नवऱ्याने, अजितने, इस्त्रीचा शर्ट घातला होता. पेटी आत सरकताना चित्र अडकलं. अडकलेल्या चित्रालाच दोघं हात जोडून उभे राहिले. ते सुटलं तेव्हा तिथे नुसता पडदा होता. बहिणीला निरोप देण्यासाठी तिला एवढंच मिळालं आणि ते तिला आजवर पुरलेलं नाही.

ताईचा मुलगा विवेक. त्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला होता. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, पण मावशीचा आवाज ऐकल्यावर त्याला दोन मिनिटं बोलता येईना. त्याचं मराठी स्वयंपाकघरापुरतं होतं, भाजी, पाणी, झोप, बस. वडील इंग्रजीच बोलायचे आणि आई रात्रपाळीला असायची.

"मावशी, शी वॉज नॉट स्केअर्ड," तो म्हणाला होता. "ॲम्ब्युलन्स आली ना, तेव्हा स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघून म्हणाली, येते. बस. येते. त्या ॲम्ब्युलन्सच्या बाईने मला विचारलं, व्हॉट इज शी सेइंग? मी म्हटलं, शी सेज शी इज कमिंग. ती म्हणाली, गुड गर्ल, कम ऑन देन. मम रेडी होती, मावशी. फाइट करायला रेडी होती. संपात गेली ना तशी."

ताई विवेकला निघताना कधी येते म्हणत नसे. त्याला ती बाय म्हणायची, शेजारणींना टा-रा म्हणायची आणि शामला त्यावरून तिची थट्टा करायची. आयुष्यभर इंग्रजीत निरोप घेतलेल्या ताईला त्या दारात मात्र आईने शिकवलेला शब्द आठवला होता. पोराला तो कळला नाही. आणि न कळल्यामुळेच तो धीराने उभा होता.

"हो रे बाळा," शामला म्हणाली होती. "रेडी होती."

हे सगळं झालं होतं आणि त्यावर आता ही ओळ येऊन बसली होती. मालिका या वर्षी ऑनलाइन होती. जुनी इंग्रजी वाक्यं संग्रहाकडून वेगळी आली होती, विल्मा ती जागच्या जागी बसवत होती आणि त्यांचं डच करत होती. रविवारी सिनेमा लागणार होता आणि विवेकने आपल्या अख्ख्या गोतावळ्याला कळवून ठेवलं होतं.

"चुकलंय ना? मग दुरुस्त कर," अजित म्हणाला. त्याने आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर तपासले होते, त्याच्या लेखी जगात बरोबर आणि चूक असे दोनच प्रकार होते.

"दुरुस्त केलं तर ताई संप फोडणारी ठरते."

"होती का?"

"आत गेली ती. दिसतंय. ॲप्रन बांधत होती."

"का गेली?"

"मला काय माहीत का गेली! विवेक तान्हा होता. भाऊजींचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, त्यांनी घरात काय तांडव केलं असेल ते तिलाच माहीत. कोणाला विचारू आता?" शामलाचा आवाज चढला. "आणि विवेकला काय सांगू? की येते म्हणजे निघाले? की तुझी आई दारात तुझा निरोप घेत होती आणि तू त्या बाईला भलतंच सांगितलंस?"

अजितने टीव्हीचा आवाज बंद केला. टीव्हीवर संचारबंदीचं चाललं होतं, नऊनंतर घराबाहेर पडायचं नाही.

"तो रविवारी बघणारच आहे," तो हळू म्हणाला. "आहे तशी ओळ राहू दिलीस तरी कोणी तुला फाशी देणार नाही."

"मी देईन ना," शामला म्हणाली.

खरं तर तिला ताईचा राग आला होता. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या टाळ्या घेऊन बसली? मग रागाच्या पाठोपाठ तिला आठवायला लागलं. ताईने स्वतःच्या तोंडाने मी संपात होते असं कधीच म्हटलं नव्हतं. ती एवढंच म्हणायची, मी सिनेमात आहे. बाकीचं सगळं वडिलांनी, भाऊजींनी, विवेकने लावलेलं. शामला एकदा तिच्याकडे राहायला गेली होती, तेव्हा सहज विचारलं होतं, "तुला इथे मराठी मैत्रीण कोणी मिळालीच नाही का गं?"

"एक होती."

"मग?"

"मग काही नाही. तुला साखर किती घालू?"

त्या मैत्रिणीचं नाव शामलाला आज कळलं. वासंती. तिचं पुढे काय झालं, संपात तिची नोकरी गेली का, ती आहे की नाही, हे विचारायला आता ताई नव्हती. ताईने ते आयुष्यभर एकटीने गिळलं होतं. त्या चर्चच्या हॉलमध्ये लोक टाळ्या वाजवत असताना ती कशी बसली असेल, या विचाराने शामलाला रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी ती सायकल काढून फिल्महाउसवर गेली. विल्मा कॉम्प्युटरसमोर होती.

"ओळ नको," शामला म्हणाली.

"म्हणजे?"

"ताईच्या वाक्याखाली काही लिहू नकोस. डच नको, इंग्रजी नको."

"लोक म्हणतील आम्ही विसरलो. शामला, अख्खा सिनेमा त्या वाक्यावर उभा आहे!"

"ओळ काढ आणि एकदा बघ. मग बोल."

विल्माने ओळ काढली. दृश्य सुरू झालं. विटांची भिंत, फाटक, चेहरा. ताई बोलली. खाली वाचायला काहीच नव्हतं, त्यामुळे विल्माची नजर खाली गेली नाही. ती वरच राहिली, चेहऱ्यावर, मग खांद्यावर, मग मागे गेलेल्या हातांवर.

"ॲप्रन," विल्मा म्हणाली. मग खुर्चीत मागे टेकली. "अरे देवा. ती आत चालली आहे. मी हे किती वेळा पाहिलंय!"

"तू वाचत होतीस. सगळेच वाचत होते."

मग शामलाने तिला येतेचं सांगितलं. विल्मा लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग खरं तेच लिहू या ना. निघते मी, असं."

"ते मला लिहवणार नाही," शामला म्हणाली. "खोटंही लिहवणार नाही. मी भित्री आहे म्हण हवं तर. पण ती बोलतेय ना स्वतः? बोलू दे तिला. ज्याला दिसेल त्याला दिसेल."

विल्माने वाद घातला नाही. तिने ती जागा मोकळी ठेवली.

"चाळीस वर्षं बोलून बोलून माझे कान किटवलेस," घरी अजित म्हणाला, "आणि सिनेमात मात्र गप्प!" पण हे म्हणताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

रविवारी दुपारी शामलाने सिनेमा टीव्हीवर लावला आणि शेजारी लॅपटॉपवर विवेक. त्याचा व्हिडिओ सुरू होता. मागे त्याची बायको आणि मुलगी सोफ्यावर बसल्या होत्या. मुलीच्या मांडीवर खाण्याची वाटी होती. विवेकने दाढी केली होती, कॉलरचा शर्ट घातला होता. आईला भेटायला जायचं असल्यासारखा तो बसला होता आणि त्याला तसं बघून शामलाच्या मनात आलं, विल्माला आत्ता फोन करावा आणि म्हणावं, घाल ती जुनी ओळ परत, काही होत नाही. पण सिनेमा सुरू झाला होता.

भिंत आली. फाटक आलं. ताई आली.

"देअर्स ग्रॅन!" मुलगी ओरडली.

"वासंती, येते गं मी. रागावू नकोस."

बायका गाऊ लागल्या. विवेकच्या घरात टाळ्या वाजल्या, त्याच्या बायकोच्या आणि मुलीच्या. विवेकने वाजवल्या नाहीत.

"मावशी, सबटायटल नाहीये."

"नाहीये."

"हँग ऑन. परत बघतो."

त्याने मागे घेतलं. शामलाला त्याच्या खोलीतून ताईचा आवाज पुन्हा ऐकू आला, बारीक, लांबून आल्यासारखा. मग पुन्हा एकदा. विवेक पुढे वाकला होता. त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं, लहानपणी तो कार्टून बघताना राहायचं तसं. मग त्याने मुलीला काहीतरी सांगितलं आणि बायको तिला घेऊन आत गेली.

"शी इज पुटिंग हर एप्रन ऑन," तो म्हणाला.

"हो."

"शी वेंट इन."

"हो रे."

शामलाला अजूनही बोलून सावरता आलं असतं. थंडी असेल, दुसरा कसला तरी ॲप्रन असेल, पोरांनी जोडलंच असेल वेडंवाकडं. ती काही बोलली नाही.

"मी केवढा होतो तेव्हा?"

"वर्षाचाही नव्हतास."

त्याने मान हलवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्याने ते विचारलं, ज्याची शामलाला आठवडाभर धास्ती होती.

"मग येते म्हणजे... व्हॉट इज इट, मावशी? एक्झॅक्टली?"

"निघताना म्हणतात आपल्यात," शामला म्हणाली. "जाते म्हणायचं नसतं. परत यायचं असतं ना, म्हणून येते."

"सो शी वॉज सेइंग गुडबाय. टू मी."

"हो बाळा."

"अँड आय टोल्ड दॅट वुमन शी इज कमिंग." त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "ती माझ्याकडे बघत होती, मावशी. मी तिच्याशी बोललोच नाही. मी त्या बाईला ट्रान्सलेट करत बसलो."

"शब्द तोच आहे रे. तू चुकीचं काही सांगितलं नाहीस."

"मला माहीत असायला हवं होतं."

"तिने तुला शिकवलंच नाही. कसं माहीत असणार?"

अजित मागे येऊन उभा राहिला होता. टीव्हीवर सिनेमा आपला पुढे चालला होता, कोणीतरी इंग्रज बाई हसत हसत मालकाची नक्कल करत होती. विवेकने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. शामलाला आयुष्यात पहिल्यांदा आर्नहेम आणि विवेकचं लेस्टर यांच्यामधला समुद्र एवढा मोठा वाटला. ती त्याच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवू शकत नव्हती.

त्याने हात काढले तेव्हा तो शांत होता.

"व्हॉट डू यू से बॅक?"

"काय?"

"कोणी येते म्हटलं. तर आपण काय म्हणायचं? समथिंग असेल ना?"

"ये म्हणायचं," शामला म्हणाली.

"जस्ट ये?"

"फक्त ये."

"वासंतीने म्हटलं का?"

"नाही. तिथे कोणीच म्हटलं नाही."

विवेकने मान वळवली. त्याने सिनेमा पुन्हा त्याच जागी आणून थांबवला असावा, कारण त्याच्या चष्म्याच्या काचांत ते काळं-पांढरं फाटक स्थिर दिसत होतं. ओठ हलवून त्याने एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

"ये, मम," तो म्हणाला.

त्याचा ये इंग्रजी वळणाचा होता, नको तिथे लांबलेला. शामलाने लॅपटॉपवरचा आपला आवाज बंद केला. त्याला ऐकू जाणार नाही अशी खात्री करून घेतली आणि मग तीही म्हणाली.